कितीपैकीं किती?

नाशिक रोड येथील सरकारी छापखान्यांत १९२८ सालापासून चलनी नोटा छापल्या जात आहेत. प्रत्येक नोटेवर एक आकडा असतो, आणि तो वाचतां आला म्हणजे पैशाचा व्यवहार कळला असा पुष्कळांचा समज असतो. हा समज कितपत खरा आहे, याचें उत्तर त्याच शहरांतील दुसऱ्या एका संस्थेच्या पूर्वेतिहासांत सांपडतें. छापखान्यांतून नोटा बाहेर पडूं लागण्यापूर्वीं चार वर्षें, म्हणजे १९२४ सालीं, गोखले एज्युकेशन सोसायटीनें नाशिकांत कला शाखेचें कॉलेज काढलें. तेंच आजचें हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय होय. ज्यांचें नांव या सोसायटीनें धारण केलें, ते गोपाळ कृष्ण गोखले देशसेवक म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. परंतु ते एके काळीं अंकगणिताचे मास्तर होते, आणि त्यांचें शाळांशाळांतून चाललेलें पुस्तक राजकारणाचें नसून अंकगणिताचें होतें, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत नसते.

गणिताची कटकट नको म्हणून जो विद्यार्थी कला शाखेकडे वळतो, त्याला गणित किती यावें आणि तें कोणत्या प्रकारचें असावें, हा प्रश्न आज पुन्हां चर्चेंत आला आहे. परंतु तो नवा नाहीं. महाराष्ट्रांत त्याला दीडशें वर्षांहून अधिक इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचे कांहीं महत्त्वाचे दुवे नाशिक जिल्ह्यांतून गेलेले आहेत.

जुन्या मराठी शाळेनें या प्रश्नाचें उत्तर आपल्या परीनें दिलेलें होतें. पंतोजींच्या शाळेंत धूळपाटीवर अक्षरें गिरवून झालीं कीं उजळणी सुरू होई. ती साध्या पाढ्यांवर थांबत नसे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी अशी अपूर्णांकांची सारी माळ मुलांकडून घोकून घेतली जाई. औट म्हणजे साडेतीन. साडेतिनाचा पाढा पाठ करण्याची गरज कोणाला, असें आज वाटेल. परंतु रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, मणाचे चाळीस शेर अशा मापांच्या जगांत पाव, पाऊण आणि अडीच यांवांचून कोणाचेंही पान हालत नसे. जितक्या रुपयांना मण, तितक्याच आण्यांना अडीच शेर, हा ठोकताळा ज्याला ठाऊक होता त्याला बाजारांत पाटीपेन्सिलीची जरूर पडत नसे. चाळीस शेरांना सोळांनीं भागलें कीं अडीच येतात, एवढेंच त्यांतलें इंगित. पण तें तोंडावर असल्यानें हिशेब क्षणांत होई.

व्यवहार आणि गणित यांची ही सांगड याहूनही जुनी आहे. भास्कराचार्यांनीं ११५० सालीं रचलेल्या ग्रंथांतील लीलावतीमध्यें व्याज, मालाची अदलाबदल, सोन्याचा कस, खोदकाम असे विषय उदाहरणांतून आलेले आहेत. नाशिक जिल्ह्याला लागून असलेल्या चाळीसगांवजवळ पाटण येथें भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठीं त्यांचा नातू चांगदेव यानें मठ चालविला. तेराव्या शतकाच्या आरंभींचा तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनीं एकोणिसाव्या शतकांत उजेडांत आणला. गणित हें केवळ ज्योतिष्याचें नसून वाण्याचें, सोनाराचें आणि गवंड्याचेंही आहे, ही जाणीव या भूमीला नवी नव्हती.

तथापि त्या शिक्षणाला दोन मोठ्या मर्यादा होत्या. पहिली अशी कीं, तें थोड्यांच्याच वाट्याला येई. ज्या कुणब्याच्या शेतावर सावकाराचें कर्ज चढे आणि ज्या बाईच्या अंगावरचे दागिने गहाण पडत, त्यांच्या कानांवर उजळणी क्वचितच पडलेली असे. दरमहा शेकडा दोन रुपये व्याज हें शब्द ऐकण्यास सौम्य आहेत. सरळव्याजानें त्या दरानें रक्कम दुप्पट होण्यास पन्नास महिने लागतात. तेंच व्याज दर महिन्यास मुदलांत मिळवीत गेलें तर पस्तीस महिन्यांतच दुप्पट होतें. हा पंधरा महिन्यांचा फरक ज्याला कळतो तो आणि ज्याला कळत नाहीं तो, हे दोघे एकाच कागदावर सही-अंगठा करीत. एका वेळीं मुदलाहून अधिक व्याज वसूल करूं नये, हा दामदुपटीचा जुना नियम कर्जदाराच्या रक्षणासाठीं होता खरा. परंतु हिशेब न समजणाऱ्याचें रक्षण नियम तरी कोठवर करणार?

दुसरी मर्यादा अधिक सूक्ष्म होती. दर दिला असतां किंमत काढणें हें उजळणी शिकवी. तो दर कोणीं ठरविला, कशावरून ठरविला, आणि दुसऱ्या बाजूनें पाहिल्यास तो कसा दिसेल, हे प्रश्न तिच्यांत नव्हते. हिशेब करतां येणें आणि हिशेब तपासतां येणें या दोन वेगळ्या विद्या आहेत. सुशिक्षित माणसाला पहिलीइतकीच दुसरीची गरज आहे, ही गोष्ट महाराष्ट्राच्या ध्यानांत इंग्रजी विद्येच्या काळांत आली, आणि तीही वर्गांतून नव्हे तर सार्वजनिक सभांतून.

मुंबई युनिव्हर्सिटी १८५७ सालीं स्थापन झाली. तिच्या मॅट्रिकच्या परीक्षेंत भाषांबरोबर गणितही आलें. विद्वत्तेच्या दारावर गणिताचा पहारा बसला, आणि पुष्कळांच्या दृष्टीनें तो विषय शिकण्याचा न राहतां ओलांडण्याचा झाला. याचें सर्वांस परिचित उदाहरण म्हणजे कादंबरीकार हरि नारायण आपटे. मराठी कादंबरीला ज्यांनीं नवें वळण दिलें त्या हरिभाऊंचें कॉलेजशिक्षण गणित न साधल्यामुळें अपुरें राहिलें. पण त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध पाहिला तर मोठें कौतुक वाटतें. पुण्याच्या आनंदाश्रमाची व्यवस्था त्यांनीं सांभाळली, आणि पुणें नगरपालिकेचे ते अध्यक्षही झाले. जमाखर्च आणि अंदाजपत्रकें यांचें जग त्यांना परीक्षेच्या खोलींत नाकारलें गेलें होतें, पण त्याच जगाचा कारभार त्यांना पहावा लागला. तेव्हां दोष हरिभाऊंच्या बुद्धीचा होता, कीं ज्या प्रकारचें गणित त्यांच्यापुढें ठेवलें गेलें त्याचा होता, असा विचार कोणाच्याही मनांत सहज यावा.

याच काळांत दुसऱ्या प्रकारच्या गणिताचा वस्तुपाठ एका जुन्या प्राध्यापकानें घालून दिला. दादाभाई नौरोजी हे एल्फिन्स्टन कॉलेजांत गणित आणि सृष्टिविज्ञान यांचे प्राध्यापक होते. हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरील त्यांचा १८७६ चा निबंध वाचला तर त्यांत उच्च गणिताचें नांव नाहीं. बेरीज, गुणाकार, भागाकार एवढ्यावरच सारी इमारत उभी आहे. प्रांताप्रांतांचें पीक किती, त्याची किंमत किती, लोकसंख्या किती, हें मांडून त्यांनीं दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारें २० रुपये काढलें. परंतु ते तेथें थांबले नाहींत. नुसता वीस हा आकडा फार कीं थोडा हें कसें समजावें? म्हणून त्यांनीं तुरुंगांतील कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च पुढें ठेवला. तो सुमारें ३४ रुपये येत होता. ज्या देशांत कैद्याला जगविण्यास लागणारा पैसा स्वतंत्र माणसाच्या उत्पन्नाहून अधिक आहे, त्या देशाच्या स्थितीबद्दल वेगळें भाष्य करण्याची गरजच उरली नाहीं. शिवाय सरासरी वीस याचा अर्थ प्रत्येकाला वीस मिळतात असा नव्हे. कांहींना शेंकडों मिळत असतील तर पुष्कळांना वीसही मिळत नसले पाहिजेत, ही गोष्टही त्यांतून आपोआप निष्पन्न झाली. आकडा एकटा मुका असतो. दुसऱ्याशेजारीं बसविला म्हणजे बोलूं लागतो, हा त्या निबंधाचा धडा होय.

सरकारी बाजूनें १८८२ सालीं हेंच उत्पन्न २७ रुपये सांगण्यांत आलें, आणि १९०१ सालीं लॉर्ड कर्झन यांनीं तें ३० रुपयांवर गेल्याचें सांगितलें. सत्तावीसावर तीन रुपये म्हणजे शेकडा अकरा वाढ. परंतु मधल्या काळांत ज्वारी-बाजरीचे भाव कोठें गेले, हें पाहिल्यावांचून ही वाढ खरी कीं कागदी हें ठरविण्यास मार्ग नाहीं.

दादाभाईंची ही परंपरा पुढें चालविणारे न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे हे नाशिक जिल्ह्यांतील निफाड येथें १८४२ सालीं जन्मले, आणि न्यायाधीश म्हणून कांहीं काळ नाशिकासही होते. ते इतिहास आणि अर्थशास्त्र यांचे अभ्यासक. गणिती म्हणून त्यांची ख्याति नव्हे. तरी सरकारी अहवालांतील कोष्टकें हा त्यांच्या नित्य वाचनाचा विषय होता. १८८७ च्या सुमारास तरुण गोखले त्यांच्याकडे जाऊं लागले, आणि रानड्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९०१ पर्यंत, ही शिकवणी चालली. तिच्यांत परीक्षा नव्हती, प्रमाणपत्र नव्हतें. सरकारी अहवाल वाचावयाचे, सार्वजनिक सभेच्या अर्जांचे मसुदे करावयाचे, आणि एकेका विधानामागचा आकडा पुराव्यानिशीं दाखवावयाचा, अशी ती शिस्त होती.

गोखले या शिस्तीस कसे तयार झाले, याचें बीज त्यांच्या मास्तरकींत आहे. १८८४ सालीं एल्फिन्स्टनमधून बी. ए. झाल्यावर ते पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्यें शिक्षक झाले. तेथील सहकारी बापट यांच्याबरोबर त्यांनीं अंकगणिताचीं उदाहरणें जमविलीं, आणि त्यांतून तें प्रसिद्ध पुस्तक तयार झालें. पुढें फर्ग्युसन कॉलेजांत ते गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र असे जो पडेल तो विषय शिकवीत. हा त्या काळच्या महाराष्ट्राचाच एक विशेष दिसतो. टिळक गणिताचे शिक्षक, गोखले गणिताचे शिक्षक, आणि गोखल्यांच्याच बोलावण्यावरून १८९१ सालीं फर्ग्युसनमध्यें आलेले धोंडो केशव कर्वे हेही गणिताचेच शिक्षक. राजकारण, अर्थकारण आणि स्त्रीशिक्षण या तिन्ही क्षेत्रांत ज्यांनीं पिढी घडविली, त्यांच्या हातांत आधीं खडू होता आणि फळ्यावर त्रैराशिक होतें.

या शिक्षणाची कसोटी २६ मार्च १९०२ रोजीं कलकत्त्यास लागली. वरिष्ठ कायदेमंडळांत अंदाजपत्रक मांडलें गेलें होतें, आणि सात कोट रुपये शिल्लक दाखविण्यांत आली होती. सभासद अर्थमंत्र्यांचें अभिनंदन करीत होते. शिल्लक पडली म्हणजे देश भरभराटींत आहे, असें अनुमान कोणीही काढील. गोखल्यांनीं अभिनंदन करण्याचें नाकारलें. दुष्काळानें आणि प्लेगनें देश गांजलेला असतां खजिन्यांत सात कोट उरतात कसे, हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्याचें उत्तर त्यांनीं साध्या अंकगणितानें दिलें.

त्यांतील एक मुद्दा पाहण्यासारखा आहे. पौंडाचे २४० पेन्स. कांहीं वर्षांपूर्वीं रुपयाची किंमत सुमारें १३ पेन्स होती. टांकसाळी खुल्या नाणेपाडणीस बंद केल्यावर ती १६ पेन्सांवर चढली. म्हणजे विलायतेस एक पौंड पाठविण्यासाठीं पूर्वीं जवळजवळ साडेअठरा रुपये लागत, ते आतां पंधराच लागूं लागले. हिंदुस्थान सरकारला असे दीड कोटीहून अधिक पौंड दरसाल विलायतेंत भरावे लागत. दीड कोटीच धरले आणि दर पौंडामागें साडेतीन रुपये वांचले असें मानलें, तरी सव्वापांच कोटींच्या आसपास रक्कम होते. परंतु रुपया पडला होता त्या दिवसांत खर्चाची तोंडमिळवणी करण्यासाठीं वाढविलेले कर मात्र तसेच राहिले. शिल्लक रयतेच्या भरभराटींतून आलेली नसून गरज संपल्यावरही चालू राहिलेल्या करांतून आलेली आहे, असें गोखल्यांचें प्रतिपादन होतें.

पुढील वर्षीं, १९०३ मध्यें, मिठावरील कर मणामागें अडीच रुपयांचा दोन रुपये झाला. १९०५ मध्यें तो दीड रुपया आणि १९०७ मध्यें एक रुपया झाला. प्राप्तीवरील कराची सूट पांचशें रुपयांवरून हजारावर गेली. या सवलतींचें सारें श्रेय एका भाषणास देणें बरोबर नव्हे. तरी ज्या मागण्या गोखल्यांनीं आकड्यांनिशीं मांडल्या होत्या, त्याच दिशेनें सरकारचें पाऊल पडलें, हें इतिहासास नाकारतां येणार नाहीं. मीठ विकत घेणाऱ्या कुणब्याच्या घरांत अंकगणिताचा हा लाभ पोंचला, आणि त्यासाठीं लागलेलें गणित मॅट्रिकच्या पलीकडचें नव्हतें.

गोखले १९१५ सालीं वारले. १९१८ सालीं प्राचार्य टी. ए. कुलकर्णी यांनीं त्यांच्या नांवें सोसायटी काढली, आणि सहा वर्षांनीं तिनें नाशिकास कॉलेज आणलें. जिल्ह्यांतील मुलांना उच्च शिक्षणासाठीं पुण्यामुंबईस जावें लागे, ती अडचण बऱ्याच अंशीं दूर झाली. वि. वा. शिरवाडकर हे याच कॉलेजचे विद्यार्थी. मात्र अभ्यासक्रम आधीं मुंबईस, आणि १९४९ सालीं पुणें विद्यापीठ निघाल्यावर पुण्यास ठरत. त्या अभ्यासक्रमांत शाखांच्या भिंती जसजशा उंच होत गेल्या, तसतसें गणित हें विज्ञान शाखेचें वतन झालें. सोसायटीनें नाशिकांत १९५७ सालीं वाणिज्य महाविद्यालय काढलें, तेव्हां व्यापारी गणितालाही स्वतःचें घर मिळालें. कला शाखेचा विद्यार्थी मात्र शाळा सुटतांच गणिताचा निरोप घेऊं लागला. गोखल्यांच्या नांवानें चाललेल्या शिक्षणांतही गोखल्यांचा तो विशेष गुण अभ्यासक्रमाबाहेर रहावा, हा कोणा एका संस्थेचा दोष नव्हे. साऱ्या देशांतील शिक्षणाचीच ती घडण होती.

त्याच १९५७ सालीं १ एप्रिल रोजीं दशमान नाणीं सुरू झालीं. रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि मागोमाग मण-शेर जाऊन किलोग्रॅम आला. हिशेब सोपा झाला, ही गोष्ट निर्विवाद आहे. औटकी आणि अडीचकी यांचें प्रयोजन संपलें. परंतु त्यांच्याबरोबर उत्तर अंदाजानें आधीं मनांत धरण्याची संवय गेली, आणि तिच्या जागीं दुसरी कांहीं आली नाहीं. पुढें हिशेबाचें यंत्र हातीं आलें, नंतर तें खिशांतल्या फोनमध्यें शिरलें. यंत्र उत्तर अचूक देतें. परंतु प्रश्नच चुकीचा घातला असेल तर तें तक्रार करीत नाहीं.

नाशिकजवळच देवळालीच्या शाळेंत १९३० पासून १९६२ पर्यंत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे शिक्षक होते. फर्ग्युसनचे पदवीधर, पुढील पदवी नाहीं, आणि छंद मात्र रात्रंदिवस संख्यांचा. त्यांना १९४६ सालीं सांपडलेली एक गंमत आज जगभर त्यांच्या नांवानें ओळखली जाते. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानें मांडून मोठींतून लहान वजा करावी, आणि आलेल्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हां करावी. ३५२४ घेतली तर ५४३२ मधून २३४५ गेले, ३०८७ उरले. ८७३० मधून ०३७८ गेले, ८३५२ उरले. ८५३२ मधून २३५८ गेले, ६१७४ उरले. यापुढें कितीही वेळां केलें तरी ६१७४ च. सातव्या वजाबाकीपर्यंत तरी प्रत्येक संख्या येथेंच येऊन थांबते. १९७५ मध्यें अमेरिकेंतील मार्टिन गार्डनर यांनीं आपल्या लेखांत कापरेकरांचा परिचय करून दिल्यावर हें नांव सर्वत्र पोंचलें.

या शोधानें बाजारहाट सोपा होत नाहीं. तरी ज्याला वजाबाकी येते त्या कोणालाही तो स्वतः पडताळून पाहतां येतो. कापरेकर सांगतात म्हणून मानण्याची गरज नाहीं. कागद घ्यावा आणि करून पहावें. दादाभाईंनीं उत्पन्नाशेजारीं कैद्याचा खर्च मांडला, गोखल्यांनीं शिल्लकेशेजारीं रुपयाचा भाव मांडला, आणि देवळालीच्या शिक्षकानें संख्येपुढें वजाबाकी मांडली. तिघांच्याही कृतींत समान असलेली गोष्ट म्हणजे पडताळा. अशास्त्रीय शाखांच्या विद्यार्थ्यास द्यावयाचें गणित हें पडताळ्याचें गणित होय. तें विज्ञान शाखेच्या गणिताची पातळ केलेली आवृत्ति नव्हे.

इंग्लंडांतही हाच विचार १९५९ सालीं क्राउदर समितीच्या अहवालांत पुढें आला. साक्षरतेच्या इंग्रजी शब्दाच्या धर्तीवर त्या समितीनें न्यूमरसी असा नवा शब्द घडविला. मराठींत त्याला अंकसाक्षरता म्हणतां येईल. नुसतें आंकडेमोडीचें कौशल्य नव्हे, तर परिमाणाच्या भाषेंत विचार करण्याची पात्रता, असा त्या शब्दाचा अर्थ समितीला अभिप्रेत होता. वाङ्‌मयाच्या विद्यार्थ्यांत ही पात्रता नसणें हें विज्ञानाच्या विद्यार्थ्यास भाषा न येण्याइतकेंच व्यंग आहे, असा तिच्या विवेचनाचा रोख होता.

या पात्रतेची आज कोठें कोठें गरज पडते, हें सांगण्यास फार दूर जावयास नको. लासलगांवच्या बाजारसमितींत कांद्याचा भाव किमान, कमाल आणि सर्वसाधारण असा तीन प्रकारें जाहीर होतो. वर्तमानपत्रांत मथळा कमाल भावाचा असतो, पण बहुतेक गाड्या विकल्या जातात त्या सर्वसाधारण भावाच्या आसपास. भाव दोन हजारांवरून शेकडा पन्नासनें पडला आणि मग शेकडा पन्नासनें चढला, तर तो पूर्वपदावर आला असें वाटतें. प्रत्यक्षांत तो हजारावर येऊन दीड हजारांवरच थांबतो, कारण दुसऱ्या वेळचे पन्नास हे लहान रकमेचे पन्नास असतात.

कर्जाचेंही तसेंच. एक लाख रुपये शेकडा दहानें वर्षासाठीं घेतले, आणि दहा हजार व्याज आधींच मिळवून बारा समान हप्ते पाडले, तर दर दहाचा आहे असें कर्जदार समजतो. परंतु पहिल्या हप्त्यापासून मुद्दल कमी होत जातें. वर्षभर सरासरीनें लाखाच्या निम्म्याहून थोडीच अधिक रक्कम त्याच्याकडे असते. म्हणून खरा दर शेकडा अठराच्या घरांत जातो. जुन्या कुणब्याचा अंगठा आणि आजच्या पदवीधराची सही यांत अशा वेळीं अंतर तें किती राहिलें?

आणखी एक उदाहरण आजारपणाचें. एखाद्या रोगाची चाचणी शंभरांपैकीं नव्याण्णव वेळां बरोबर येते असें समजूं. दहा हजार लोकांत तो रोग दहाजणांना आहे. चाचणी त्या दहांना बहुधा ओळखील. पण उरलेल्या ९,९९० निरोगी माणसांतही शंभरांत एक या प्रमाणें सुमारें शंभरजणांना रोग असल्याचें चुकून सांगेल. म्हणजे ज्यांच्या कागदावर रोग उमटला अशा एकशें दहांपैकीं खरे रोगी दहाच. ज्याच्या हातांत तो कागद पडला त्यानें घाबरून जाण्याआधीं दुसरी तपासणी करून घेणें शहाणपणाचें, हें यावरून कळतें. नव्याण्णव हा आकडा खोटा नाहीं. पण तो कितीपैकीं किती याचें उत्तर देतो, तें विचारलें पाहिजे.

हें शिक्षण द्यावयाचें तर प्रौढ विद्यार्थ्याचा अनुभव उपयोगी पडतो, आणि या बाबतींत नाशिकचें उदाहरण पुन्हां पुढें येतें. १९८९ सालीं येथें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालें. ज्यांची शाळा मध्येंच सुटली त्यांनाही पूर्वतयारीच्या वाटेनें पदवीच्या अभ्यासाकडे येण्याची सोय त्यानें केली. असा विद्यार्थी गणिताला भीत असला तरी हिशेबाला अनोळखी नसतो. भिशीचा डाव कितवा घ्यावा, बचतगटांतून कर्ज घेतलें तर हप्ता किती, पेरणीसाठीं उसनें काढावें कीं दागिना मोडावा, हे प्रश्न त्यानें सोडविलेले असतात. वर्गांत येतांना तें ज्ञान दाराबाहेर ठेवावें अशी ज्या शिक्षणाची अपेक्षा असते, तेथें गणित परकें होतें. आणि तेथूनच आरंभ करणाऱ्या शिक्षकाजवळ तें आपलें वाटूं लागतें.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर शाखांच्या भिंतींना दारें पाडण्याचें काम सुरू झालें आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्यानें आपल्या शाखेबाहेरचे विषयही घ्यावेत अशी योजना आहे, आणि त्यांत गणित व संख्याशास्त्र यांनाही स्थान आहे. दार पाडलें म्हणजे माणसें आंत येतील असें मात्र नव्हे. त्या तासाला पुन्हां सूत्रें आणि समीकरणें यांचीच पाटी पुढें ठेवली, तर हरिभाऊंच्या वेळचा पहारेकरी नव्या पोषाखांत परत येईल. त्याऐवजीं नगरपालिकेचें अंदाजपत्रक, विजेचें बिल, विम्याचा कागद, खानेसुमारीचें एखादें कोष्टक मेजावर ठेवावें, आणि प्रत्येक आकड्यास तीन प्रश्न विचारण्याची संवय लावावी: हा कशाचा, हा कितीपैकीं, आणि हा कोणाशेजारीं ठेवून पहावयाचा? इतिहासाच्या विद्यार्थ्यास साधनांची छाननी शिकवितात आणि वाङ्‌मयाच्या विद्यार्थ्यास शब्दाचा अर्थ संदर्भावरून लावण्यास शिकवितात. तीच छाननी आणि तोच संदर्भ आकड्यास लावणें त्यांना अवघड वाटण्याचें कारण नाहीं.

कलकत्त्याच्या त्या सभागृहांत सात कोटींचा आकडा सर्वांनींच ऐकला होता, आणि तो चुकीचा आहे असें कोणाचेंही म्हणणें नव्हतें. बेरीज बरोबर होती. ते सात कोट कोणाच्या घरून आले, एवढेंच विचारणारा मनुष्य त्या दिवशीं तेथें हवा होता. आणि तो अंकगणिताचा मास्तर होता, हें देशाचें भाग्य. नाशिक रोडच्या छापखान्यांतून नोटा निघतच राहतील. त्यांच्यावरचा आकडा वाचणारे पुष्कळ आहेत. तो आकडा ज्याच्या हातांतून आला आणि ज्याच्या हातांत गेला त्याचा हिशेब मागणारे मात्र कॉलेजांनीं घडवावयाचे आहेत.